खालच्या बाजूची भिंत

या, असे जवळ सरकून बसा. ज्याने नद्या केल्या आणि प्रत्येक नदीला तिची तिची वाट दिली, त्याचं नाव घेऊन एक गोष्ट सांगतो. गोष्ट गोड नाही. ऐकताना कानशिलं तापतील. तापू द्यात. राग हासुद्धा त्यानेच दिलाय, आणि तो नुसता गिळून टाकण्यासाठी दिलेला नाही. गोष्ट एका भिंतीची आहे, आणि ती भिंत कुठे बांधायची हे जिला ठाऊक होतं त्या बाईची.

बाईचं नाव दोरिका. वय पंचेचाळिशीच्या अलीकडे-पलीकडे. अंगानं काटक, गुडघे मात्र पार गेलेले. शिरे नदीच्या खालच्या खोऱ्यात ऑक्टोबरचं ऊन असं पडतं, की कोंबड्या चोच उघडी टाकून भिंतीच्या सावलीला पडून राहतात. त्या उन्हात न्यामिथांडो ओढ्याच्या कोरड्या पात्रातून बायकांची रांग चालली होती. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घमेलं, घमेल्यात दगड. टेकडीच्या पायथ्यापासून पुलाच्या कामापर्यंत पाव कोस. दिवसाला अकरा खेपा.

या दगड वाहण्याला ‘गावाचा वाटा’ असं नाव होतं. सिमेंट, सळया, जाळीची तार मदत देणाऱ्या संस्थेकडून येणार. दगड, वाळू, पाणी गावानं द्यायचं. गावानं म्हणजे बायकांनी. पुरुषांना खणायला आणि काँक्रीट कालवायला रोजावर घेतलं होतं.

“दोरिका, तुझी मान कुठे गेली गं?” मागून लुसिया ओरडली. लुसिया तिची शेजारीण. दम लागलेला असतानाही तिची जीभ थांबत नसे. “घमेल्याखालून थेट खांदेच दिसतात. कासव झालीस बघ.”

“कासवाचं बरं असतं. पाठीवरचं ओझं त्याचं स्वतःचं तरी असतं.”

रांगेत हशा पिकला. कुणीतरी चर्चमधलं गाणं धरलं. एकीनं ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायची, पावलाबरोबर. गाण्यावर खेप हलकी होते असं म्हणतात. तसं काही होत नाही. फक्त आपण एकटे नाही एवढं कळतं.

पुलापाशी दगड ओतून दोरिका कंबर धरून उभी राहिली. समोर पुलाचे दोन्ही काठांचे सिमेंटचे बुरूज उभे होते. बुरुजामागचा मातीचा भराव पाण्यानं खचू नये म्हणून तारेच्या जाळीच्या मोठाल्या चौकोनी टोपल्या दगडांनी भरून भिंत रचली जात होती. पण ती सगळी वरच्या बाजूला, डोंगराकडे तोंड करून. खालच्या बाजूला, जिकडे ओढा अर्ध्या कोसावर शिरे नदीला मिळतो, तिकडे नुसती उघडी माती.

दोरिकाला दिसलं, भिंत उलट्या बाजूला होतेय.

कारण न्यामिथांडोचं पाणी डोंगरातून येतं खरं, पण ते येतं गुडघाभर, आणि जातं. गावाला बुडवतं ते दुसरं पाणी. जानेवारीत शिरे नदी फुगली की ती या ओढ्याच्या तोंडात शिरते आणि खालून वर चढत येते. तीन-तीन दिवस तुंबून राहते. मग मोठी नदी अचानक उतरते, आणि तुंबलेलं पाणी जाताना काठाची माती हिसडून घेऊन जातं. जुना लाकडी पूल तर चढत्या पाण्यानंच उचलला होता. त्याचा मधला ओंडका मिळाला तो वरच्या बाजूला, वाडीच्या मक्याच्या शेतात. गावातल्या शेंबड्या पोरालाही ते माहीत होतं.

तो पूल गेला त्या आठवड्यात दोरिकाच्या मुलीला, फेलिस्ताला, कळा सुरू झाल्या होत्या. दवाखाना ओढ्यापलीकडे. त्याचं पत्र्याचं छप्पर अलीकडून दिसत होतं. दोन दिवस दिसत होतं. पोर जन्मलं ते न रडताच.

आता फेलिस्ता पुन्हा पोटुशी होती, सातवा चालू होता. नवरा ऊसमळ्यावर कामाला, सणावारी येणारा. तिला खेपा करायला दोरिकानं बंदी घातली होती, म्हणून ती सावलीला बसून हातोडीनं खडी फोडत होती. दिवस भरत होते जानेवारीच्या मध्यावर.

*

गोरखचिंचेच्या जाड बुंध्याला एक हिरवा फळा टांगलेला होता. वर लिहिलं होतं: ‘सगळ्यांची डोकी, एक पूल’. खाली तीन रकाने: आलेल्या कल्पना, विचारात असलेल्या कल्पना, अमलात आलेल्या कल्पना. हे काम पाहणारे कुमवेंडा साहेब नुकतेच कुठलंसं प्रशिक्षण घेऊन आले होते. दर गुरुवारी ते झाडाखाली सभा घेत, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या दुमडत आणि म्हणत, “या कामावर साहेब कुणी नाही. गवंडी, इंजिनियर, प्रमुख, बायाबापड्या, सगळ्यांनी मिळून नवं काहीतरी शोधायचं. एकत्र डोकं चालवायचं.” मग फोटो निघत. आतापर्यंत अमलात आलेली कल्पना एकच होती: पिण्याच्या पाण्याची घागर साहेबांच्या खुर्चीजवळ सावलीत ठेवावी.

त्या गुरुवारी दोरिका उठली. म्हणजे खरं तर खाली बसली. तिथल्या रीतीनं बाईमाणसानं वडीलधाऱ्यांपुढे बोलायचं ते गुडघे टेकून. आणि साहेबलोकांशी थेट बोलायचं नाही, गावच्या प्रमुखाला सांगायचं, मग प्रमुखानं पुढे सांगायचं. आणखीही एक रीत होती. बोलण्याच्या आधी आपलंच बोलणं आपण खोडून टाकायचं. त्यालाच तिथे नम्रता म्हणत.

तापलेल्या मातीवर गुडघे टेकून, नजर खाली घालून ती प्रमुखाला म्हणाली, “बांबो, मी अडाणी बाई. माझं चुकतही असेल. आम्हा बायकांना आपलं उगीच वाटतं, की पाणी खालच्या बाजूनं येतं. खरंखोटं साहेबांना ठाऊक.”

इथेच ती चुकली. आयुष्यभर जे वळण लावून घेतलं होतं, त्या वळणानं गेली.

प्रमुख चिफुम्बे खुर्चीत पाय पसरून बसले होते. त्यांनी पायसुद्धा आवरले नाहीत. “बायका म्हणतात, ओढा उलटा वाहतो.”

हशा उसळला. रोजावरचे गवंडी हसले. त्यांची घरं याच काठावर होती, तरी हसले.

“आई,” कुमवेंडा साहेब गोड आवाजात म्हणाले, “नद्या डोंगरातून निघतात आणि खाली जातात. तुमच्या नातवंडांना विचारा, शाळेत शिकवतात.”

नातवंडांना. दोरिकाच्या मागे बसलेल्या फेलिस्ताची हातोडी मांडीवरून खाली घसरली.

साहेबांशेजारी कामावरची तरुण इंजिनियर मुलगी, तियोंगे, नकाशावर वाकली होती. तिनं मान वर केली. “सर, खालच्या नदीची पातळी आपण कधी…”

“तियोंगे, पुढचा मुद्दा.”

कारकुनानं चिठ्ठी लिहून फळ्यावर टोचली: ‘ओढा उलटा वाहतो. सुचवणारे: प्रमुख चिफुम्बे.’ कुणीतरी चिठ्ठीच्या कोपऱ्यात हसरा चेहरा काढला.

उठताना दोरिकाला गुडघे लवकर सरळ करता येईनात. लुसियानं बगलेत हात घालून तिला उभं केलं आणि कानात म्हणाली, “पुढच्या वेळी मासे झाडावर चढतात असं सांग. तेवढं तरी लिहून घेतील.”

दोरिका हसली नाही.

*

घरी तिचा नवरा झाकेयो अंगणात बांबूच्या कामट्या सोलत होता. त्याची पाठ वाकडी. भरल्या होडीखाली सापडून वाकडी झालेली. दगड उचलणं त्याला जमत नसे, म्हणून कामावर त्याला कुणी घेतलं नव्हतं. तो माशांचे सापळे विणायचा. लांबट, दोन्हीकडे निमुळते.

“बोललीस?”

“बोलले.”

“गुडघ्यावर?”

“मग काय डोक्यावर?” दोरिकानं सुकटीचं मडकं चुलीवर आदळलं. “ओढा उलटा वाहतो म्हणे. हसले. ज्यांच्या चुलीत गाळ शिरला होता तेसुद्धा हसले.”

झाकेयोनं कामटी दातात धरून गाठ ओढली. मग म्हणाला, “आणि तू काय म्हणालीस? ‘मी अडाणी बाई’?”

“तसंच बोलायचं असतं.”

“तू अडाणी असलीस, तर त्यांनी तुझं कशाला ऐकावं?”

ती पातेलं घासत राहिली. घासून घासून त्याचा काळा रंग निघाला, तरी घासत राहिली.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना तियोंगे अंगणात येऊन उभी राहिली. घामानं शर्ट पाठीला चिकटलेला, बुटांवर चिखल. “आमायी,” ती आईला हाक मारावी तशी म्हणाली, “जुन्या पुलाचा ओंडका वर सापडला म्हणे. तो कुठे, ते दाखवाल?”

दोरिकानं तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. “काल का नाही विचारलंस?”

मुलीनं खिशातून वही काढली.

दोरिका तिला घेऊन गेली. मक्याच्या शेतात ओंडका अजून होता. वाळवीनं एक बाजू खाल्लेली. पुलापासून दोनशे पावलं वर. मग तिनं काठावरची झुडपं दाखवली. त्यांचे बुंधे डोंगराकडे कलले होते, वर्षानुवर्षांच्या पाण्यानं त्यांना तशीच मोड पडली होती. मग खाली येऊन बोटानं काठ खरवडला: बारीक चिकट काळा गाळ. “डोंगराचा गाळ तांबडा,” दोरिका म्हणाली. “हा मोठ्या नदीचा. हा इथे चालत आला का?”

तियोंगे वहीत लिहीत सुटली. मोजपट्टी काढली, दोरिकाला एक टोक धरायला दिलं. “आमायी, ही माझी चूक आहे. मी मोजायला हवं होतं. पण तार शिल्लक नाही. आणलेली सगळी वरच्या भिंतीला लागते.”

“तार कशाला हवी?”

घरी आल्यावर दोरिकानं झाकेयोच्या हातातला सापळा घेऊन मुलीच्या पुढ्यात टाकला. “हा पाण्यात सहा महिने राहतो. पाणी इकडून येऊ दे, तिकडून येऊ दे, आत शिरतं, बाहेर पडतं, सापळा जागचा हलत नाही. याचा चौकोनी, कंबरेइतका केला आणि दगड भरले तर?”

झाकेयोनं तोंडातली कामटी काढली. तो बायकोकडे असा पाहू लागला, की जणू आज तिला नव्यानं कुणी घरात आणलंय.

“बांबू कुजेल,” तियोंगे म्हणाली.

“दोन पावसाळे नाही कुजत,” झाकेयो म्हणाला. “आणि फटींतून बोरू लावला तर तोवर मुळ्या दगड धरतात. माझी गाठ बघ. ओढलं की सुटत नाही, आवळते.” तिनं ओढून पाहिली. खरंच आवळली.

तीन दिवस तिघं खपली. मुलीनं कामावरच्या फेकलेल्या तारेचे तुकडे गोळा करून आणले. कोपऱ्यांना तार, मध्ये बांबू. पहिली टोपली दगड भरताच फुटली. दुसरीचा तळ सुटला. तियोंगेनं तळाला आडव्या काठ्या सुचवल्या, झाकेयोनं त्या गाठीत घेतल्या, फेलिस्तानं बसल्या जागेवरून सांगितलं, की मोठे दगड कडेला आणि खडी पोटात भरा. तिसरी टोपली ओढ्याच्या डबक्यात लोटली, लुसियासकट चार बायका तिच्यावर नाचल्या. टोपली बसली ती बसली.

सांगतो ते ध्यानात घ्या. त्या तीन दिवसांत त्या अंगणात जे झालं, ते त्या फळ्यावरच्या मथळ्यात लिहिलेलं होतं अगदी तेच होतं. फक्त तिथे कुणी फोटो काढत नव्हतं.

*

तियोंगेनं टोपलीचं साहेबांना कळवलं, आणि पुढच्या गुरुवारी फळ्यावर तिसऱ्या रकान्यात नवी चिठ्ठी होती. कारकुनानं मोठ्यानं वाचली: “बांबूच्या टोपल्यांची खालची भिंत. कल्पना: प्रकल्पप्रमुख कुमवेंडा आणि गावप्रमुख चिफुम्बे.”

टाळ्या पडल्या. चिफुम्बेंनी हात उंचावला.

दोरिकानं तियोंगेकडे पाहिलं. मुलगी बुटांच्या नाड्यांकडे बघत होती.

“आणि ही कल्पना गावातून आलेली आहे,” कुमवेंडा साहेब म्हणाले, “म्हणजे काम पण गावाचं. चाळीस टोपल्या. बांबू गावाचा, दगड गावाचा, विणकाम गावाचं. बारा दिवसांनी पाहुणे येतायत, तोपर्यंत उभं राहायला हवं. रोजावरची माणसं वरच्याच भिंतीवर राहतील. हाच खरा सहभाग!”

लुसिया पुटपुटली, “म्हणजे डोकं आपलं, मान आपली, आणि नाव त्यांचं.”

दोरिकाच्या छातीत काहीतरी तट्‌ तट्‌ उडू लागलं. वाटलं, उठावं आणि फळा दोन्ही हातांनी उपटून ओढ्यात भिरकवावा. वाटलं, उद्यापासून एक खडा उचलणार नाही. पण बाजूला फेलिस्ता होती. तिचा हात पोटावर होता. आतून पाय लागला की ती तो हात दाबून ठेवायची, आता उठायचं नाही असं बाळाला सांगितल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी पहाट फुटायला दोरिका टेकडीच्या पायथ्याशी होती.

देवा, त्या दहा दिवसांची काय गोष्ट सांगू! ऊन वाढतच गेलं. घरातला मका संपत आला, म्हणून बायका दुपारी दलदलीत उतरून पाणकमळाचे कंद उपटायच्या, उकडून खायच्या आणि पुन्हा खेपेला लागायच्या. एकीच्या पायाच्या अंगठ्यावर दगड पडला, नख काळं होऊन निघालं. तिनं कंबरेला गुंडाळायच्या कापडाची, चितेंज्याची, चिंधी फाडून बांधली आणि घमेलं उचललं. झाकेयो पाठ भिंतीला टेकवून विणत होता. कामट्यांनी बोटं चिरली. ताज्या टोपलीवर रक्ताचे ठिपके दिसत. वरच्या भिंतीवर रोजावरचे गवंडी झाडाखाली पाणी पीत आणि खेप घेऊन चाललेल्या बायकांना म्हणत, “काय मग, ओढा कुठे चाललाय आज?”

“तुझ्या घरी,” लुसिया म्हणायची. “जानेवारीत येईल, चूल मोकळी करून ठेव.”

दोरिकानं गाणं सोडलं होतं.

दहाव्या दिवशी तेहतीस टोपल्या तयार झाल्या. खालच्या बाजूला पाया खणून झाला होता. पायात ओतायला सहा पिशव्या सिमेंट बाजूला काढलंय असं तियोंगेनं सांगितलं होतं. सकाळी बायका येऊन पाहतात तो पाया रिकामा, आणि रस्त्याच्या कडेला, पाहुण्यांच्या गाड्या थांबतील तिथे, एक ओला, गुळगुळीत चौथरा. चौथऱ्यावर खांब, आणि खांबावर दगडी पाटीसाठी खाच.

“सिमेंट कुठे गेलं?” दोरिकानं विचारलं. गुडघे न टेकता विचारलं, पण ते अजून तिचं तिलाही कळलं नव्हतं.

“तात्पुरतं तिकडे वापरलं, आई,” कुमवेंडा साहेब म्हणाले. “आणि आठ टोपल्या वर रस्त्याकडे आणून रचा. नमुना म्हणून. पाहुण्यांना चिखलात उतरवायचं का? खालचं बघू नंतर, दुसऱ्या टप्प्यात.”

“दुसरा टप्पा कधी?”

“पावसाळ्यानंतर.”

बायकांनी आठ टोपल्या वर आणल्या. हो, आणल्या. प्रमुखाचा हुकूम होता. खालून वर, चढावर, रिकाम्या टोपल्या चौघी-चौघींनी बांबूला लटकवून, त्यांतले दगड पुन्हा डोक्यावर. आणि रस्त्याकडेला, जिथे बेडकाच्याही पायाला पाणी लागत नाही, तिथे एक देखणी भिंत उभी राहिली.

*

पाहुणे आले ते दुपारच्या आधी. राजधानीतले दोघे अधिकारी, आणि संस्थेची पांढऱ्या केसांची एक परदेशी बाई. बायकांना नवीन चितेंजे नेसून यायला सांगितलं होतं. नवीन कुणाकडेच नव्हते, त्या धुतलेले नेसून आल्या. जीभ नाचवत बायकांनी स्वागताची हुलहुली दिली. सगळ्या गुडघ्यावर बसल्या.

पांढऱ्या केसांच्या बाईनं नमुन्याची भिंत हात लावून पाहिली आणि काहीतरी विचारलं. तियोंगेला दुभाषी म्हणून उभं केलं होतं. “त्या विचारतात, ही विणण्याची पद्धत कुणाला सुचली?”

कुमवेंडा साहेबांनी प्रमुखाच्या डोक्यावर पिवळी टोपी चढवली. चिफुम्बे उठले. “मला सुचली,” ते म्हणाले. “एकदा बसलो होतो… विचार करत… आणि सुचली.”

“गाठ कशी मारतात ते दाखवाल का, असं विचारतात.”

चिफुम्बेंनी टोपली पाहिली. टोपी सरळ केली. “ते… काम बायका करतात.”

तेव्हा दोरिका उभी राहिली.

उभं राहायला तिला वेळ लागला. एक हात जमिनीवर, मग मांडीवर. पण राहिली सरळ. शंभर माणसं बसलेली आणि मधोमध एक बाई उभी.

“खाली बस,” प्रमुख म्हणाले.

“बसून सांगितलं होतं. तुम्हाला ऐकू आलं नाही.” तिचा आवाज चिरका निघाला, पण ती थांबली नाही. “तियोंगे, या बाईंना सांग. गाठ माझ्या नवऱ्याची आहे. तो तिकडे बसलाय, त्याची बोटं बघ म्हणावं. टोपली आम्ही केली. तूपण होतीस. आणि ही भिंत जिथे उभी आहे तिथे ती काही उपयोगाची नाही. पाणी खालून येतं. मला वाटतं असं नाही. मला माहीत आहे. खालचा पाया रिकामा आहे, त्याचं सिमेंट या चौथऱ्यात आहे. जानेवारीत हा पूल जाईल, आणि माझी पोर पुन्हा या काठावर राहील.”

कुमवेंडा साहेब तियोंगेच्या कानाशी झुकले. “नीट सांग हं. आभार मानतेय म्हणून सांग.”

तियोंगेच्या ओठांवरचा रंग उडाला होता. ती बाईंकडे वळली आणि सांगू लागली. दोरिकाला ती भाषा येत नव्हती. पण सांगताना मुलीनं बोट खालच्या रिकाम्या पायाकडे केलं, मग चौथऱ्याकडे, मग स्वतःच्या छातीकडे. आणि साहेबांचा चेहरा उतरताना दिसला. त्यावरून तिला कळलं, की एकही शब्द गाळला गेलेला नाही.

साहेब हसून म्हणाले, “दुसऱ्या टप्प्यात सगळं आहे, मॅडम, आराखड्यात आहे…”

दोरिकानं पुढचं ऐकलं नाही. ती नमुन्याच्या भिंतीशी गेली, वरच्या टोपलीचं तोंड उसकटलं, एक दगड काढला, चुंबळ डोक्यावर ठेवून त्यावर दगड ठेवला आणि उतारानं खाली चालू लागली.

“वेड लागलं का हिला!” चिफुम्बे ओरडले.

लुसिया उठली. “मलापण लागलं, बांबो.” तिनं दुसरा दगड उचलला. मग ती काळ्या नखाची. मग तिघी, मग दहा. फेलिस्तानं उठायचा प्रयत्न केला, तेव्हा शेजारणीनं तिला खांद्यानं दाबून खाली बसवलं आणि स्वतः गेली. पाहुण्यांच्या देखत ती देखणी भिंत दगडा-दगडानं उतरायला लागली.

राजधानीतल्या अधिकाऱ्यांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला. त्यांनी टाळ्या वाजवल्या. एकानं फोटो काढला.

दोरिका रिकामी होऊन परत वर येत होती. ती थबकली. “टाळ्या कसल्या वाजवता?” ती ओरडली. इतक्या वर्षांत तिला कुणी ओरडताना ऐकलं नव्हतं. “माझं नातवंड मेलंय इथे! दगड उचला!”

तियोंगेनं तेही सांगितलं. टाळ्या थांबल्या. पांढऱ्या केसांची बाई जागेवरून हलली नाही. तिनं कुमवेंडा साहेबांना एकच काहीतरी विचारलं आणि त्यांच्याकडे बघत राहिली. तेवढ्यात तियोंगेनं आपली टोपी काढून जमिनीवर ठेवली आणि दगडाला हात घातला.

पाहुणे तालुक्याच्या गावी दोन दिवस मुक्कामाला होते. दुसऱ्या सकाळी सिमेंटच्या पिशव्या आल्या. रोजावरचे गवंडी खाली उतरले, मान खाली घालून. चाळीस टोपल्या ख्रिसमसच्या तीन दिवस आधी बसल्या, फटींतून बोरू खोवला गेला.

फुकट कुणी सोडत नाही. तियोंगेची आठवडाभरात दूर उत्तरेला बदली झाली. प्रमुखाचा अपमान केला म्हणून दोरिकाला एक कोंबडी दंड झाला. तिनं दिली, वर्षभर अंडं न दिलेली, येता-जाता चोच मारणारी होती ती. झाकेयो म्हणाला, इतका स्वस्त दंड आयुष्यात पाहिला नाही.

जानेवारीच्या अठरा तारखेला मोठी नदी ओढ्यात शिरली. काळं पाणी खालून चढत आलं, तुंबलं आणि तिसऱ्या दिवशी हिसडा मारून उतरलं. सात टोपल्या गेल्या. तेहतीस राहिल्या. पूल राहिला. पाणी तुंबलेलं असतानाच, भर दुपारी, फेलिस्ता दोघींच्या खांद्यावर हात टाकून पुलावरून पलीकडे चालत गेली. पुलाच्या मधोमध कळ आली तेव्हा कठडा धरून थांबली, आईला चार शिव्या घातल्या आणि पुन्हा चालली. मुलगी झाली. रडणारी. इतकी रडणारी, की दवाखान्यातली नर्स म्हणाली, हिला कुणीतरी गप्प करा. दोरिका म्हणाली, नको.

त्या पुलावर आता पाटी आहे. पाटीवर संस्थेचं नाव आहे, प्रकल्पप्रमुख कुमवेंडांचं आहे, गावप्रमुख चिफुम्बेंचं आहे. सुबक कोरलेली आहेत नावं. तुम्ही कधी त्या वाटेनं गेलात, तर पाटीपाशी थांबू नका. खाली उतरा, बोरूत हात घाला, आतले दगड हाताला लागतील. आणि तियोंगे नावाच्या एका मुलीची आठवण काढा. शंभर माणसांसमोर, साहेब कानाशी असताना, तिनं एका बाईचा शब्द होता तसा पुढे पोचवला. ती कुठे आहे, आम्हाला माहीत नाही. दोरिका रोज प्रार्थनेत तिचं नाव घेते. तुम्हीही घ्या.